आंतली खोली

भिंतींना कान असतात, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. त्यांना तोंडहि असतें, हें मात्र घरोघर वायफाय आल्यावरच लोकांच्या ध्यानांत आलें. एका खोलींतल्या डब्यांतून निघालेल्या लहरी पलीकडच्या खोलींत पोंचेपर्यंत मधली भिंत त्यांतील मोठा वांटा गिळून बसते, आणि जें उरतें त्यावर पुढची भिंत ताव मारते. आमच्या भिवंडीकरांस तर या गोष्टीचें विशेष नवल वाटावें. कारण येथल्या भिंतींनीं आजवर कशाला अटकाव केल्याचें आमच्या ऐकिवांत नव्हतें. यंत्रमागांचा खडखडाट येथें दिवसरात्र चालतो. खिडक्या लावा, दारें लावा, कानांत कापसाचे बोळे घाला. तो जमिनींतून, खांबांतून आणि पलंगाच्या पायांतून वर चढून उशाशीं येऊन बसतो. परगांवच्या पाहुण्यास पहिल्या रात्रीं झोप येत नाहीं, आणि आमच्यासारख्या जुन्या रहिवाशास माग बंद असतील त्या रात्रीं येत नाहीं. मागाच्या धक्क्याला सिमेंट हें वाहन आहे. वायफायच्या लहरीला तेंच सिमेंट, आणि विशेषतः त्याच्या पोटांतील लोखंडी सळ्यांचें जाळें, हा अडसर आहे. नाद पदार्थाच्या कंपनानें पुढें सरकतो, म्हणून त्याला घन पदार्थ मानवतो. ही लहर प्रकाशाच्या जातीची. तिला मोकळी वाट हवी. वाटेंत लोखंड आलें कीं ती माघारीं फिरते, आणि पाणी किंवा ओल आली कीं तींत जिरून जाते.

प्रकाशाच्या जातीची असूनहि ही लहर भिंतींतून थोडीफार पलीकडे जाते, हीच खरोखर मोठी गोष्ट आहे. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं मध्यें भिंती असतांना दूर ठेवलेली घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली, तेव्हां पाहणारांस तो जादूचाच खेळ वाटला असला पाहिजे. आज तीच करामत आपल्या घरांत अहोरात्र चालते, आणि ती क्षणभर थबकली तर आपण कपाळाला आठ्या घालतों. 'वायफाय' हें नांव १९९९ सालीं बाजारासाठीं बनविण्यांत आलें. त्याला स्वतःचा असा कांहींच अर्थ नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आपल्या देशांत ज्या पट्ट्यांत या लहरी प्रथम घरोघर खेळूं लागल्या, तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या जोखडांतून मोकळा झाला २००५ सालीं. आमच्या वडिलांच्या पिढीला घरांत नुसता रेडिओ ठेवावयाचा तरी सरकारचा परवाना लागे. आजच्या मुलांस हें सांगितलें तर त्यांना तें खरें वाटत नाहीं.

असो. लहरींचें शास्त्र कितीहि सूक्ष्म असलें तरी फ्लॅटांत राहणारांचें दुखणें अगदीं साधें आहे. डबा कोठें ठेवावयाचा हें जो मनुष्य ठरवितो, तो त्या घरांत राहत नाहीं. केसासारखा बारीक कांचेचा तंतु एका खांबावरून दुसऱ्या खांबावर, विजेच्या तारांच्या गुंत्यांतून वाट काढीत गच्चीवर येतो. गच्चीवरून जिन्याच्या कडेनें खालीं उतरतो. आणि दाराच्या चौकटीशेजारीं पाडलेल्या भोकांतून आंत शिरतो. आंत शिरल्यावर पहिला खिळा जेथें ठोकतां येईल तेथें कंपनीचा मुलगा डबा टांगतो, हिरवा दिवा लागलेला दाखवितो, आपल्याच मोबाइलवर वेग मोजून "बघा काका, फुल्ल आहे" असें म्हणतो, आणि पुढच्या घरीं जातो. डब्याखालीं उभें राहून मोजल्यावर तो फुल्ल नसेल तर काय असेल! संस्कृतांत 'देहलीदीपन्याय' म्हणून एक दृष्टांत आहे. उंबरठ्यावरचा दिवा घरांत आणि अंगणांत एकाच वेळीं उजेड पाडतो, असा त्याचा भाव. पंडितांस हा दिव्याचा गुण वाटला. दरमहा बिल भरणाऱ्या गृहस्थास तसा वाटण्याचें कारण नाहीं. दारालगतच्या डब्याचा निम्मा उजेड जिन्यावर सांडतो. आमच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहणाऱ्या मनुष्यास जितकें उत्तम वायफाय मिळतें, तितकें आमच्या घरांतील एकाहि शयनगृहांत मिळत नसे.

जुनीं माणसें याबाबतींत आपल्याहून शहाणीं होतीं असें आम्ही म्हणत नाहीं; त्यांच्यापाशीं तेल थोडें होतें, एवढेंच. ब्राह्मण आळींतील जुन्या वळणाचीं घरें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस त्यांची मांडणी आठवेल. पुढें ओटी, मग माजघर, मागें स्वयंपाकघर. कंदील टांगावयाचा तो माजघराच्या तुळईला. कारण त्या एका वातीवर ओटीवरचा हिशेब आणि चुलीपुढचें वाढप हीं दोन्ही भागवावयाचीं असत. माजघरांत बसण्याचा मान घरांतल्या बायकांचा. दिवा त्यांच्या सोयीसाठीं तेथें टांगला जाई असें नव्हे, पण मध्यावर असल्यामुळें तो त्यांच्या वांट्याला आपोआप येई. आजच्या फ्लॅटांत माजघर उरलें नाहीं. त्याच्या जागीं आहे एक अरुंद बोळ, जो कोणाचाच नसतो, आणि त्याच्या शेवटीं आंतली खोली.

या आंतल्या खोलीविषयींच आम्हांस थोडें बोलावयाचें आहे. बाहेरचा हॉल पाहुण्यांचा, टीव्हीचा आणि घरांतील वडील पुरुषाचा. आंतली खोली कोणाची, हें सहसा कोणी सांगत नाहीं. तींत वाढत्या वयाची मुलगी अभ्यास करते, नवी सून कपडे बदलते, आजी दुपारीं पडते, आणि चादरींचे ढीग राहतात. वायफाय कोणत्या खोलींत किती पोंचतें याचा नकाशा काढला तर तो घरांतल्या मानाच्या उतरंडीशीं बहुधा जुळतो, असें आमचें निरीक्षण आहे. यांत कोणाचा दुष्ट हेतु असतो असें मुळींच नाहीं. ज्याला तक्रार करण्याचा अधिकार आहे, तो डब्याजवळ बसलेला असतो. त्यामुळें तक्रार उत्पन्नच होत नाहीं.

२०२० सालच्या मार्चच्या २५ तारखेस सारा देश घरांत कोंडला गेला, तेव्हां हा नकाशा प्रथम उघडा पडला. माग थांबले. इतकी शांतता या गांवानें कधीं ऐकली नव्हती. मेच्या आरंभीं भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे विशेष गाडी सुटली आणि ज्यांच्या हातांनीं माग चालत त्यांतील कित्येकजण आपापल्या गांवीं गेले. मागें राहिलेल्या घरांत शाळा, कचेरी आणि देऊळ अशीं तिन्ही एकाच डब्यावर चालूं लागलीं. त्या दिवसांत आमच्या इमारतींतील अनेक मुलें दाराच्या उंबऱ्यावर पुस्तक मांडून बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. शाळा पुढें उघडल्या. मुलें उंबऱ्यावरून उठलीं. डबे मात्र होते तेथेंच राहिले.

आमच्या सूनबाई मानकोलीच्या बाजूच्या एका गोदामाचे हिशेब पाहतात. आठवड्यांतून तीन दिवस त्यांचें काम घरूनच चालतें. आंतल्या खोलींत त्यांचें टेबल आहे, परंतु टेबलावर लहर नाहीं. म्हणून बोळाच्या तोंडाशीं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मध्यें, प्लॅस्टिकच्या स्टुलावर त्यांची कचेरी भरे. तेथें दोन काड्या येत. कुकरच्या शिट्ट्या कोणत्या वेळीं किती होतात, हें त्यांच्या वरिष्ठांसहि पाठ झालें होतें. दर महिन्याच्या पांच तारखेस त्यांची दोन तासांची बैठक असते, आणि तिच्यांत चेहरा दिसावा लागतो. गेल्या पावसाळ्यांत एका पांच तारखेच्या आदल्या रात्रीं त्यांनीं विचारलें,

"बाबा, उद्यां दोन तास मी हॉलमध्यें बसूं का?"

आम्ही उत्तर देण्याच्या आधींच सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "अग, उद्यां भिशी आपल्याकडे आहे ना! बारा-पंधराजणी यायच्या आहेत."

"बरं आई, मी बघते कसं तें," एवढेंच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशीं भिशीच्या बायका एकेक करून जिना चढून आल्या, आणि प्रत्येकीस सूनबाईंच्या शेजारून वाट काढावी लागली. कारण त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, गोदामाच्या महिन्याचा ताळेबंद समजावून देत होत्या. तेथें वायफाय फुल्ल होतें.

त्या संध्याकाळीं आम्हीं मोजणीस आरंभ केला. मोबाइलमध्यें लहरीची शक्ति मोजण्याची सोय असते. ती आंकडे उणे चिन्हानें दाखविते, म्हणजे थेट कर्जाच्या वहीप्रमाणें. उणे ५० च्या आसपास असेल तर चैन; उणे ६७ पर्यंत बोलणें-पाहणें सुरळीत चालतें; उणे ८० ला दैन्यावस्था. या मोजणींत दर तीन अंक घसरले कीं शक्ति निम्मी होते, आणि दहा घसरले कीं दहावा हिस्सा उरते. हॉलमध्यें उणे ४२ भरले, बोळाच्या तोंडाशीं उणे ६६, आणि सूनबाईंच्या टेबलावर उणे ८४. म्हणजे अवघ्या चाळीस फुटांत सोळा हजारांचा एक झाला! आमचे चिरंजीव मोबाइल घेऊन खोलीखोलींतून फिरत होते आणि आम्ही हॉलमधून डबा हलवीत विचारीत होतों, "आलं का?" "आलं… थांबा, गेलं!" हा संवाद कोठें तरी ऐकला आहे असें वाटत राहिलें, आणि मग आठवलें. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर पुढें कित्येक वर्षें भिवंडीच्या गच्च्यांवरून हेंच ओरडणें चाले. एकजण मुंबईच्या दिशेनें ॲन्टेना फिरवीत वर उभा, दुसरा खिडकींतून मान बाहेर काढून. तेव्हां निदान घरांतल्या सर्वांनीं एकच चित्र पाहावयाचें असे.

मोजतां मोजतां चोर सांपडूं लागले. पहिला चोर न्हाणीघर: चारी बाजूंनीं फरशा, वर पाण्याची टांकी. दुसरा म्हणजे आमच्या मातुःश्रींच्या वेळचें लोखंडी कपाट, पुरुषभर उंचीचा आरसा लावलेलें. तें बरोबर आंतल्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभें होतें. लोखंडाची पाठ आणि आरशाचा कल्हईचा लेप या दोन्ही धातूच्या वस्तु. लहरीला त्यांच्यापुढें मागें फिरण्यावांचून गति नाहीं. कपाट सरकवून शेजारच्या भिंतीला लावतांच सहा अंक परत आले, म्हणजे शक्ति चौपट झाली. या उपायास घाम आणि दोन शेजारी यांपलीकडे कांहीं खर्च आला नाहीं. डबा खुंटीवर आडवा लोंबत होता, तो छातीहून उंच अशा फळीवर नीट बसविला आणि त्याच्या शिंगांसारख्या काड्या उभ्या केल्या. उभी काडी आपल्या भोंवतीं चक्राकार लहरी फेंकते, तिच्या डोक्यावर आणि पायांशीं फारसें कांहीं जात नाहीं. आडवी ठेवली तर वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाची सेवा घडते.

तिसरा अडथळा शेजारधर्माचा होता. आमच्या घरांत बसून मोजलीं तर तेवीस बिऱ्हाडांचीं वायफाय दिसत. २.४ च्या पट्ट्यांत एकमेकांच्या पायांत न येणाऱ्या वाटा तीनच: पहिली, सहावी आणि अकरावी. तीन नळ आणि तेवीस घागरी, मग भांडण व्हावयाचेंच. पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत जागा ऐसपैस आहे. परंतु तेथली लहर अडीच इंचांची, जुनीची पांच इंचांची, आणि आंखूड लहर भिंतीपुढें लौकर हात टेकते. (या तेवीस बिऱ्हाडांनीं आपापल्या डब्यांस दिलेल्या नांवांवर एक स्वतंत्र निबंध होईल. 'फुकट मागूं नये' असें नांव ठेवणाऱ्या गृहस्थांस आम्ही ओळखतों. ते सोसायटीची वर्गणी सहा सहा महिने देत नाहींत.)

त्यानंतर सल्ले आले. खालच्या मजल्यावरील स्नेह्यांनीं लहर पुढें ढकलणारें लहान यंत्र घेण्यास सांगितलें, आणि जेथें वायफाय येत नाहीं तेथेंच तें लावावें असा आग्रह धरला. पुष्कळ घरांत तें असेंच लावलेलें असतें. जेथें लहरच नाहीं तेथें तें पुढें काय ढकलणार? उपाशी मनुष्याला वाढपी नेमावें त्यांतलाच हा प्रकार. तें अर्ध्या वाटेवर, लहर अजून धडधाकट असते तेथें लावावयाचें. आम्हीं तें बोळांत लावून पाहिलें. आंकडा सुधारला, पण हें साधें यंत्र ज्या वाटेनें ऐकतें त्याच वाटेनें बोलतें, आणि ऐकतांना त्याला बोलतां येत नाहीं. त्यामुळें वेग सुमारें निम्म्यावर आला, आणि चित्रांतील माणसें वाक्याच्या मध्येंच तोंड उघडें टाकून थिजूं लागलीं.

मग डबाच घराच्या मध्यावर आणावा, हा जुना माजघरी विचार पुढें आला. आमच्या घराचा मध्य म्हणजे बोळांतली ती भिंत, जींत देवघराचा कोनाडा आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "देवापाशीं तो डबा नको, त्याचे दिवे रात्रभर लुकलुकतात." चिरंजीवांचें म्हणणें, टीव्हीपासून डबा दूर गेला तर सामना अडखळेल. कंपनीच्या मुलानें फोनवर सांगितलें कीं कांचेचा तंतु तीव्र वळण सोशीत नाहीं, नवा ओढावा लागेल, त्याचे निराळे पैसे पडतील. सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत. घराच्या सभेंत ज्याची गरज सर्वांत मोठी त्याचें मत शेवटीं विचारण्याची आपली रीत आहे. तेवढ्यांत सभा बहुधा संपते. त्या दिवशीं मात्र चिरंजीवांनींच तिला विचारलें, "तुला काय वाटतं?"

"मला डबा हलवायला नको," त्या म्हणाल्या. "एक तार आंतपर्यंत आणून द्या. बिनतारीचं काय तें तिथून पुढं बघूं."

हा तोडगा आम्हां तिघांपैकीं कोणासहि सुचला नव्हता, आणि तोच सर्वांत शास्त्रशुद्ध होता. बिनतारी लहरीचें सारें दुःख भिंती ओलांडण्यांत आहे. तें काम तारेला दिलें म्हणजे लहरीला एकाच खोलीपुरतें खेळावयाचें राहतें. जाळ्याची तार शंभर मीटरपर्यंत कांहीं न गमावतां जाते, आमचें काम पंधरा मीटरांतलें. प्रश्न होता तो ती न्यावी कोठून. धामणकर नाक्याकडून वायरमन आला. दिवसभर मागांच्या मोटारी दुरुस्त करून त्याचे हात काळे झालेले. त्यानें भिंती थोपटल्या, विजेच्या नळींतून ही तार नेऊं नये असें स्वतःच बजावलें, आणि मग हॉलच्या कोपऱ्यांतील एक पांढरें झांकण उघडून म्हणाला, "काका, ही जुन्या टेलिफोनची लाइन कुठपर्यंत गेलीय?"

ती आंतल्या खोलीपर्यंत गेलेली होती. इमारत बांधली गेली तेव्हां दर फ्लॅटला टेलिफोनची नळी घालण्याची चाल होती, आणि रात्रीं अपरात्रीं फोन आला तर उठावें लागूं नये म्हणून शयनगृहांत एक जोड दिलेला असे. यंत्र जाऊन बरीच वर्षें झालीं. तार भिंतींत तशीच निजली होती. वायरमननें तिच्या एका टोकाला नवी तार चिकटपट्टीनें घट्ट बांधली, आंतल्या खोलींत जाऊन दुसरें टोक धरलें, आणि हळूहळू ओढूं लागला. जुनी तार हात हात बाहेर येत गेली आणि तिच्यामागून नवी निळी तार आली. वीस मिनिटांत काम झालें. त्या टोकाला दुसरा लहान डबा बसविला, दोन्ही डब्यांना एकच नांव दिलें, आणि वीज गेली तरी तास-दोन तास निघावेत म्हणून दोघांना एकेक छोटी बॅटरी जोडली. सूनबाईंच्या टेबलावर उणे ४४ आले. हॉलपेक्षां दोनच अंक कमी.

पुढच्या पांच तारखेस आमच्याकडे भिशी नव्हती, तरी हॉलमध्यें टीव्ही चालूं होता. सकाळीं अकरा वाजतां सूनबाई आंतल्या खोलींत गेल्या आणि त्यांनीं दार लावून घेतलें. बोळांतला स्टूल सौभाग्यवतींनीं उचलून गॅलरींत कुंडीखालीं ठेवला होता. अर्ध्या तासानें त्या चहाचा पेला घेऊन निघाल्या, लावलेल्या दारापाशीं पोंचल्या, थांबल्या, आणि पेला डाव्या हातांत घेऊन उजव्या हाताच्या बोटानें दारावर हळूच टकटक केली.